नवव्या पानावरचं वाक्य

नूपुरला वाटलं होतं, मी म्हणजे एक प्रश्न असेन. दूर देशातल्या तिच्या वर्गात तसंच शिकवलं होतं: आधी प्रश्न, मग बाकी सगळं. नागपुरात परत आल्यावर तिला कळलं की मी म्हणजे सात प्रती. स्पायरल बाइंडिंग, पुढे पारदर्शक प्लास्टिक, मागे निळा पुठ्ठा आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात गाइडची सही.

होय, मी एक संशोधन प्रस्तावच बोलतोय. पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की ‘मी अमुक विषयावर, अमुक रीतीने काम करणार’ असं विद्यापीठाच्या कमिटीला लिहून द्यावं लागतं. ते लिहून दिलेलं म्हणजे मी. विभागात मला सगळे सिनॉप्सिस म्हणतात. सात प्रतींतला मी सातवा. पानं अठरा. मला इंग्रजीत लिहिलंय, पण मनातल्या मनात मी मराठीतच बोलतो. नूपुरचंही तसंच आहे, त्यामुळे त्यात मला वावगं वाटत नाही. बाकी पुष्कळ गोष्टींचा मात्र माझ्या डोक्यात गोंधळ आहे. तो कुणाला तरी सांगावा म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म प्रताप नगरातल्या एका दुसऱ्या मजल्यावर, वाळ्याच्या कुलरसमोर झाला. मार्च संपत आला होता. नूपुर लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती.

ती पाचवीपासून घराबाहेर. आधी डोंगरातली निवासी शाळा, मग दिल्ली, मग दोन वर्षं हॉलंड. त्या देशाचा मोठा भाग समुद्राच्या पातळीखाली आहे. तिथे पाणी बाहेर कसं काढायचं ते शिकवतात. ती ते मन लावून शिकली आणि जिथे पाणीच नाही तिथे ते ज्ञान वापरायचं ठरवून परत आली. तिच्या मैत्रिणी तिकडेच नोकरीला लागल्या. विमानतळावर बाबांनी तिचं सामान गाडीत ठेवण्याआधीच ती म्हणाली होती, “मी आपल्या गावच्या विहिरींवर काम करणार.” हे मला ठाऊक आहे, कारण माझ्या पहिल्या मसुद्याच्या प्रस्तावनेत तिने ते लिहिलं होतं. नंतर काढून टाकलं.

तो पहिला मसुदा एका पानाचाही नव्हता. प्रस्तावना सोडली तर त्यात तीनच वाक्यं होती. ‘नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरींना उन्हाळ्यात काय होतं? मला माहीत नाही. मला ते शोधायचं आहे.’

तेव्हा मी खूप हलका होतो.

दुसऱ्या दिवशी तिने मला विभागात दुर्गेशला दाखवलं. दुर्गेश पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला. पारशिवनीकडचा, धानाची, म्हणजे भाताची शेती असलेल्या घरचा. कुणाचा कागद कुठे अडला आहे हे विभागात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

“हे का आहे?” त्याने विचारलं.

“प्रपोजल.”

“हे प्रपोजल नाही, हे पोस्टकार्ड आहे. अन् हे पाह्य, ‘मला माहीत नाही’ असं कोण लिहिते? कमिटी म्हणन, माहीत नाही त आली कायले?”

“अरे, माहीत नाही म्हणूनच तर पीएच.डी. करायची ना?”

“थे तुह्या हॉलंडमंधी. इथं आधी माहीत पाहिजे, मंग विचारायचं.”

तिने ‘मला माहीत नाही’ पुसलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली दुरुस्ती. दुखलं नाही. उलट भारदस्त वाटायला लागलं.

मग मी भराभर वाढलो. दुर्गेश सांगत गेला, ती लिहीत गेली. उद्दिष्टं पाच हवीत. “चार असले त म्हणते काम कमी आहे, सहा असले त म्हणते झेपत नाही.” आजवर या विषयावर कुणी काम केलेलं नाही, असं एक वाक्य हवं. “खरंच कुणी केलं नसेल का?” नूपुरने विचारलं. “थे पाहाले कोण जाते?” दुर्गेश म्हणाला. पण ती गेली. दोन आठवडे ग्रंथालयात बसली, जुने अहवाल वाचले आणि ते वाक्य खरं आहे याची खात्री करूनच तिने ते लिहिलं. तिचा हा स्वभाव मला आवडायचा. एकीकडे दुर्गेशचं सगळं ऐकायची आणि दुसरीकडे चुपचाप तपासूनही घ्यायची. फक्त एकच गोष्ट तिने तपासली नाही. ती माझ्या नवव्या पानावर होती.

नवव्या पानावर एक आलेख आहे. तो माझा अभिमान होता. शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीचे चार गावांचे तीन वर्षांचे आकडे तिने खेटे घालून मिळवले होते. रोज किती वीज वापरली गेली, म्हणजे पंप किती चालले, ते त्यात दिसतं. हिवाळाभर रेघ वर. एप्रिलच्या मध्यावर ती एकदम खाली पडते, मे संपेपर्यंत जमिनीला टेकून राहते. तिन्ही वर्षं तसंच. सोबत उपग्रहाची चित्रं होती. त्यांत त्याच दिवसांत संत्र्याच्या बागा पिवळ्या पडलेल्या दिसत होत्या.

नूपुरने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आलेखाखाली लिहिलं, ‘एप्रिलनंतर विहिरी कोरड्या पडत असाव्यात.’

“‘असाव्यात’ नको लिहू,” दुर्गेश म्हणाला. “‘सिद्ध होते’ लिही. आमच्याकडं धानाचं पाणी तोडलं का खेळ खतम. कोणता शेतकरी मनानं मोटर बंद करन?”

मग ते वाक्य असं झालं: ‘उन्हाळ्याच्या उत्तरार्धात विहिरी कोरड्या पडल्यामुळे पंप बंद राहतात आणि बागा वाळतात, हे यावरून सिद्ध होते.’

विश्वनाथ सरांनी, म्हणजे तिच्या गाइडनी, ते वाचून चष्मा काढला. सर नागपूरच्याच महाल भागातले, जमिनीखालच्या पाण्याचे जाणकार. तीस वर्षं त्यांनी खडक मोजले. “वा! हा आलेख कमिटीला गप्प बसवेल,” ते म्हणाले. “हे बघ बाळ, प्रस्ताव आधी पटला पाहिजे. आणि या बैठकीतच पास झाला पाहिजे. पुढची बैठक सहा महिन्यांनी. तोवर मी रिटायर. आपल्या विभागात पाण्यावर दुसरा गाइड नाही, हे तुला माहीत आहे.”

तिला माहीत होतं. यावेळी मी नापास झालो, तर या विषयावर, या गावात, या शहरात राहून काम करण्याची तिची वाट बंद होणार होती. ज्यासाठी परत आली तेच हातातून जाणार होतं. म्हणून मी पटलाच पाहिजे होतो.

छापून झाल्यावर आठवडाभर आम्ही सातही जण सरांच्या लोखंडी कपाटात सह्यांसाठी होतो. तिथे माझे पूर्वज भेटले. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे प्रस्ताव, टाइपरायटरवर लिहिलेले, पिवळे पडलेले. मी त्यांना विचारलं, “तुमचं पुढे काय झालं?” एक म्हणाला, “मी पास झालो. मग मला कुणी उघडलं नाही.” दुसरा म्हणाला, “माझ्यातलं काहीच तिने केलं नाही. दुसरंच काहीतरी केलं, चांगलं केलं.” तिसरा नुसता खोकला. आपण नेमके कुणासाठी असतो, हे त्या कपाटात मला पहिल्यांदा कळेनासं झालं. लिहिणाऱ्यासाठी, वाचणाऱ्यासाठी, की फक्त कुलूप लावून ठेवण्यासाठी?

पण अंगावर एकही डाग नव्हता याचं समाधान होतं. दुर्गेशने बजावलंच होतं, “पेनाचा डाग दिसला त क्लार्क कॉपी फेकून देते. गेल्या साली एकाची स्पेलिंग सुधारलेली दिसली, तर सातही कॉप्या वापस.”

बैठकीच्या आदल्या दिवशी एकच कागद उरला होता. ज्याच्या विहिरीवर मोजमाप करायचं, त्या बागायतदाराचं संमतीपत्र. ते भैयाजींकडून आणायचं होतं. भैयाजी म्हणजे नूपुरच्या बाबांचे थोरले भाऊ, तिचे मोठेबाबा. आठ दिवस ते लग्नकार्यासाठी बाहेरगावी होते, म्हणून इतका उशीर. संमतीपत्राचं कोरं पान माझ्यातच लावलेलं होतं, म्हणून सातांतून तिने मला उचललं आणि सकाळच्या एसटीने नरखेड गाठलं.

नूपुर गावी नेहमी दिवाळीत जायची. तेव्हा बागा हिरव्यागार असतात. मे महिन्यात ती बागेत कधीच गेली नव्हती. सुट्टीत घरी आलेल्या शाळकरी पोरीला नागपूरच्या उन्हात कुणी कुलरसमोरून हलू देत नाही.

स्टँडवर भैयाजी मोटरसायकल घेऊन उभे होते. बागेशी पोचलो आणि ती धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच थबकली. झाडांची पानं खाली वाकलेली. अर्धी पिवळी, खाली पाचोळ्याचा थर. जमीन भेगाळलेली. उपग्रहाच्या चित्रात जे तिने वरून पाहिलं होतं, ते आता समोर होतं.

“मोठेबाबा, बाग गेली!”

भैयाजींनी वळून पाहिलं. “कुठं गेली? हे का उभी आहे.”

“अहो, मरून राहिली ना!” घाईत तिच्या तोंडून घरची बोली निघाली.

“काहून मरन वं? चांगली ताणावर आहे.”

“विहीर कधी आटली?”

“आटली?” भैयाजी गोठ्याकडे तोंड करून ओरडले, “अवं, आयकलं का? आपली विहीर आटली म्हणते हे!”

गोठ्यातून पुष्पलताबाई, नूपुरची मोठीआई, पदराला हात पुसत आल्या. त्यांनी विहिरीजवळच्या पेटीचं झाकण उघडलं आणि हिरवं बटण दाबलं. मोटर गुरगुरली. पाइप दोनदा खोकला. मग मनगटाएवढी धार गुरांच्या हौदात धडाधड पडायला लागली.

हौदापासून दहा हातांवर संत्र्याचं झाड मान टाकून उभं होतं.

नूपुर पाण्याकडे पाहत होती, मग झाडाकडे, मग परत पाण्याकडे. मी तिच्या बगलेत होतो. तिची बोटं माझ्यात रुतत चालली होती.

“पाणी आहे, मग देत का नाही?”

“देलं त फुलन का थे?” भैयाजी म्हणाले. “झाडाले मजेत ठेवलं त नुसते पानं काढत बसते. दीड महिना पाणी तोडा लागते. पान वाकलं, पिवळं पडलं, थोडं गळलं, का झाडाले भेव वाटते. मंग पाऊस लागला का एकदम फुलते. हाच मृग बहार. बापजाद्यापासून चालून राहिलं. तुह्या पुस्तकात नाही का?”

“झाडांच्या पुस्तकात असेल,” ती हळू म्हणाली. “माझं पुस्तक पाण्याचं होतं.”

सावलीत बाज टाकली होती. भैयाजींनी मला मागितलं, तिला वाटलं वाचायला. त्यांनी आधी माझा पंखा करून वारा घेतला. मग पाण्याचा पेला माझ्यावरच ठेवला. माझं प्लास्टिक घामाघूम झालं आणि एका कडेने ओल आत शिरली. माझ्या मुखपृष्ठावर एक गोल डाग आहे, तो त्या पेल्याचा.

नूपुरने मला ओढून घेतलं आणि नववं पान उघडलं. ती लपवू शकली असती. पण ती तशी नाही.

भैयाजींनी आलेखावर बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण रेघ त्यांनी माझ्या सरांपेक्षा झटकन वाचली. “हे आपल्याच गावचं दिसते. हे पाह्य, इथं बंद केलं. इथं उघडलं. या साली पाऊस लवकर आला, म्हणून मोटर लावाच नाही लागली. कोणं काढलं वं हे? एवढं बरोबर त आमीबी कधी लिहून ठेवलं नाही.”

“मी काढलं.”

“शाबास. अन् खाली हे का लिहिलं?”

तिने ते वाक्य मराठीत सांगितलं. भैयाजी हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. “अन् उद्या हे तू कमिटीत वाचशीन?”

“हो.”

“थे मानतीन?”

“मानतील.”

“मंग कमिटीत सारे संत्रं खाणारेच दिसते. लावणारा एकबी नाही.”

नूपुरही कसनुशी हसली. मी मात्र हसलो नाही. माझी रेघ खरी होती आणि वाक्य खोटं, आणि दोन्ही एकाच पानावर, एकाच शाईत होती. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसणार नव्हता. माझा मलाही इतके दिवस दिसला नव्हता.

भैयाजींनी संमतीपत्रावर सही केली. “विहीर मोजाले केव्हाबी ये. पण कोरडी नको दाखवू बाप्पा. कोरड्या विहिरीच्या घरी कोणी पोरगी देत नाही.”

इथे माझी गोष्ट सरळ होऊ शकली असती. चुकलेलं वाक्य काढायचं, तिथे ‘विहिरींत पाणी आहे, शेतकरी ते ठरवून देत नाहीत’ असं लिहायचं, आणि झालं. नूपुरच्या चेहऱ्यावर तसंच काहीतरी उमटत होतं. तेवढ्यात धुऱ्यावरून शेजारचे रामाजी जाताना दिसले. त्यांची बागही तशीच पिवळी.

“काका, तुमची पण ताणावर आहे का?” तिने मोठ्या उत्साहाने विचारलं. नुकतंच शिकलेलं कुणालाही लगेच वापरून पाहावंसं वाटतं.

“हो ना, ताणावरच आहे,” रामाजी न थांबता म्हणाले आणि गेले.

ते दूर गेल्यावर पुष्पलताबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “ताण कायचा? त्याची विहीर होळीलेच बसली.”

“मग असं का सांगितलं?”

“बाग धरणारा, म्हंजे फळाचा सौदा आंधीच करणारा व्यापारी येऊन राहिला ना गावात. पाणी नाही म्हटलं त कोण धरते? अन् तसंबी, कोण सांगते वं असं?”

नूपुर दोन्ही बागांकडे पाहत राहिली. मधे फक्त एक धुरा. दोन्ही पिवळ्या, दोन्हींच्या मोटरी बंद. माझ्या आलेखावर दोन्ही मिळून एकच रेघ.

“मोठीआई, मग ओळखायचं कसं? कोणी बंद केलं आणि कोणाचं संपलं?”

पुष्पलताबाईंनी एक पान तोडून तिच्या हातात दिलं. “दिवसा सारेच पानं वाकलेले राहते. सकाळी उठून पाहा लागते. सकाळी पान सरळ झालं, त झाडात अजून दम आहे. सकाळीबी वाकलेलंच दिसलं, त मोटर सुरू करायची, पावसाची वाट नाही पाहायची. ज्याच्याजवळ पाणी आहे, तो रोज सकाळी पान पाहाले येते. हे बी जाते, मी बी जाते. रामाजी येतच नाही. पाहून का करन?”

मी अठरा पानांचा. माझ्यात पद्धतीवर तीन पानं आहेत, त्यात नकाशे, नमुने, सूत्रं. या एका उत्तराएवढं त्यात काही नाही, हे मला तिथेच कळलं.

पण पुष्पलताबाई थांबल्या नाहीत. “अन् आपलंबी का आहे? आंधी आपण आंबिया घेत होतो.”

आंबिया म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणारा बहार. त्याची फळं उन्हाळाभर झाडावर असतात, म्हणून उन्हाळाभर पाणी द्यावंच लागतं.

“तू लहान होती तवा मे महिन्यातबी हे मोटर रोज चालत होती. मंग विहीर थकली. गुरापुरतं, पिण्यापुरतं राहते आता, उन्हाळभर बागेले पुरत नाही. तवापासून मृगावर आलो. अन् आता म्हणतो, आमीच बंद केलं.”

“बापजाद्यापासून म्हणालात ना, मोठेबाबा?” नूपुरने विचारलं.

“मृग बापजाद्यापासूनच आहे,” भैयाजी म्हणाले. मग हौदाकडे पाहत, “आपण कवा आलो त्यावर, थे... थे तसंच होत गेलं.” त्यांनी बाजेवरचा रिकामा पेला उचलला आणि उगाचच हौदाकडे गेले. आता ते हसत नव्हते.

परतीच्या एसटीत मी तिच्या मांडीवर होतो. खिडकीतून एकामागून एक पिवळ्या बागा जात होत्या. प्रत्येक बागेशी ती मान वळवायची आणि मीही मनात विचारायचो, ही कुठली? ठरवून तहानलेली, की नाइलाजाने? की आधी नाइलाजाने आणि मग सवयीने ठरवून? इतक्या जाडजूड अंगाचा असून मला काहीच ठरवता येईना, आणि तिलाही.  

काटोल सोडल्यावर तिने सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. 

“आलेख बरोबर आहे ना?” सरांनी विचारलं.

“आलेख बरोबर आहे, सर. वाक्य चूक आहे.”

“मीही आयुष्यभर संत्री खाल्ली गं, पण हे लक्षात आलं नाही. चूक माझीही आहे.” मग ते म्हणाले, “पण उद्या अकराला बैठक आहे, बाळ. कमिटीत हे कुणी विचारणार नाही. छापलंय तसं वाच. काम करताना बदल. सगळेच बदलतात. उद्या मागे घेतलास, तर मी तुला पुन्हा घेऊ शकणार नाही.”

त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, काळजीच होती. त्यामुळेच ते जास्त अवघड झालं.

दुर्गेश फोनवर म्हणाला, “हे पाह्य, सिनॉप्सिस पास व्हाले असते. खरं थिसिसमंधी बोलजो.”

“आणि उद्या कुणी माझा आलेख दाखवून सांगितलं की या चार गावांत पाणीच नाही, तर? किंवा दुसऱ्याने सांगितलं की शेतकरी मजेत आहेत, पाणी मुद्दाम देत नाहीत, तर?”

“तुले कोण वाचते?” तो म्हणाला. मग हळूच, “सॉरी. पण धानवाल्याले विचारायचं नव्हतं न तू.”

ती हसली. फोन ठेवल्यावर तिने माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर नखाने काहीतरी कोरलं, वाचता न येणारं. घरी आल्यावर आईने वाढलेलं जेवली, बाबांना विचारलं, “आपण आंबिया केव्हा सोडला?” बाबा म्हणाले, “सोडला? मला वाटलं आपण नेहमी मृगच घेतो.” तिने मला सहाजणांच्या वर ठेवलं आणि दिवा मालवला.

सकाळी ती माझ्याआधी उठली, असं म्हणायला हवं. तिने मोठीआईने दिलेलं ते पान पिशवीतून काढलं. ते सुकून चुरगळलं होतं. झाडावर असतं तर आत्ता सरळ झालं असतं की नाही, कुणास ठाऊक. तिने ते खिडकीत ठेवलं. मग आम्हा सातजणांना जमिनीवर रांगेत मांडलं आणि प्रत्येकाचं नववं पान उघडलं.

मग तिने पेनाचं टोपण काढलं.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू? मला दुर्गेश आठवला, क्लार्क आठवला, वापस गेलेल्या सात कॉप्या आठवल्या. सरांची सही असलेल्या पानावर रेघ ओढणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. ते तिलाही कळत होतं, कारण आधी तिने फोन उचलला आणि सरांना लिहिलं. लिहिताना ती मोठ्याने म्हणत होती, म्हणून मला ऐकू आलं: ‘सर, नवव्या पानावर मी हाताने बदल केला आहे. साडेदहाला तुम्हाला दाखवते. तुम्ही नको म्हणालात, तर प्रती परत घेईन. पण छापलेलं वाक्य मी वाचणार नाही.’

मग एकेक करून तिने सातही पानांवरचं ते वाक्य खोडलं. सरळ, पट्टी लावून, खालचं वाचता येईल असं. खोडलेलं लपवायचं नव्हतं तिला. त्याच्याखाली निळ्या शाईत लिहिलं:

‘पंप बंद असतात, एवढंच हा आलेख सांगतो. पाणी संपलं म्हणून बंद, की पाणी राखून ठेवलं म्हणून, की आधी संपलं आणि मग राखण्याची रीत पडली, हे मला माहीत नाही. ते शोधायचं आहे. सुरुवात अशी: सकाळी बागेत पान पाहायला कोण येतं आणि कोण येत नाही.’

‘मला माहीत नाही.’ मार्चमध्ये पुसलेले ते शब्द परत माझ्या अंगावर आले. या वेळी थोडं दुखलं.

सर्वांत शेवटी मी. माझ्यावर लिहून झालं तेव्हा तिने मला पंख्याखाली धरलं, शाई वाळेपर्यंत. मग सातांची चळत केली आणि पेल्याचा डाग असलेला मला सगळ्यांत वर ठेवलं, अध्यक्षांच्या हाती पहिला मी जावा म्हणून.

आता नऊ वाजलेत. आम्ही तिच्या पिशवीत आहोत आणि ती चप्पल घालतेय. सर हो म्हणतील का, क्लार्क आम्हाला आत घेईल का, मला सांगता येत नाही. त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांना एकच विनंती आहे. माझा निळा पुठ्ठा नंतर पाहा, उद्दिष्टं नंतर मोजा. मी पटतो का, हे विचारण्याआधी माझं नववं पान उघडा. तिथे पेनाचा डाग पडलाय. माझ्यातला प्रश्न तिथेच आहे.